एकशे त्रेचाळीस नंबरचं इंजिन

शनिवार, ८ नोव्हेंबर १९९७

आजही १४३ नाही! बाबांच्या इंजिनांच्या अल्बमात दोनशेपैकी तेवढं एकच चित्र राहिलंय. डॉर्टमुंडला आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीतून मी पाकिटं आणते, बाबा फोडून नंबर वाचतात, मी यादीवर खूण करते — खाणीत ते हजेरी घ्यायचे तशी. अदलाबदल करायची नाही, हा त्यांचा नियम. आई गेल्यापासून दर शनिवारी हेच. अल्बम भरला की ब्रेमेनची नोकरी घेईन, असं मी बोलून बसलेय.

सोमवार, १०

माझे मार्गदर्शक प्रा. ब्रिंकमोलर यांनी माझे आलेख बाजूला सारले. "तुमचा प्रोग्राम पोचतो हे दिसलं. का पोचतो?"

संगणकात दोनशे दिव्यांची रांग. प्रोग्राम आंधळेपणाने एखादा दिवा उलटा करतो: विझलेला लावतो, लागलेला विझवतो. उजेड वाढला तर ठेवतो, नाहीतर पुन्हा होता तसा करतो. एवढंच. तरी सगळे दिवे लागतात! का, ते मला सांगता येईना.

शुक्रवार, १४

काही सुचत नाही.

शनिवार, १५

पाकीट फोडता फोडता बाबा म्हणाले, "पहिली शंभर कशी भराभर आली बघ, पोरी. हे शेवटचं मात्र छळतंय."

माझी पेन्सिल थांबली. शंभर दिवे विझलेले असले तर कुठलाही सापडला तरी चालतो. एकच उरला तर नेमका तोच हवा. प्रत्येक टप्प्याला सरासरी किती थांबावं लागेल ते मांडायचं आणि बेरीज करायची. सगळं गणित बसच्या तिकिटामागे मावलं!

सोमवार, १७

सरांनी पान दोनदा वाचलं. "हे शाळेतही शिकवता येईल." त्यांच्या तोंडून ही स्तुतीच. मी अजून थक्क आहे. आंधळ्या धडपडीलाही एवढी शिस्त असते!

शनिवार, ६ डिसेंबर

दर शनिवारी दहा चित्रं. शेवटच्यासाठी सरासरी वीस शनिवार. एकटं १४३ उरल्यापासूनचा आज साठावा. एव्हाना १४३ तीनदा यायला हवं होतं. एकदाही न येण्याची शक्यता विसात एक.

"नशीब, दुसरं काय," बाबा म्हणाले. ब्रेमेनला पंधरा तारखेपर्यंत उत्तर हवंय. तिथून दर शनिवारी येणं जमायचं नाही.

शनिवार, १३

बाबा कबुतरांना दाणे टाकायला गेले होते. पेन्सिल शोधताना त्यांचा खाणीतला पावाचा डबा उघडला. आत १४३. एक नाही, तीन! नशिबाने काहीच चूक केली नव्हती. डोळे भरून आले. डबा होता तसा ठेवला.

बाबा आले. त्यांनी नंबर वाचले, मी खुणा केल्या. "नाही आलं," ते म्हणाले.

"पुढच्या शनिवारी बघू," मी म्हटलं.