सूर्य बुडायच्या आतलं पन्हं

आक्का, तुम्हांला जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी आपल्या निपाणीच्या घरात पन्हं केलं की माणसं पहिल्या घोटाला तुमचंच नाव काढतात. मी तुमची सून, दर उन्हाळ्यात कैऱ्या उकडते, गर कुस्करते, गूळ चिरते, आणि कोणीतरी म्हणतंच, "आक्कांच्या हातची चव न्हाय." मी वरवर हसायची आणि आतून जळायची. यंदा त्याचा निकाल लागला, म्हणून लिहायला बसले.

तुमचं स्वयंपाकघर मला लख्ख दिसतं. दुहेरी फडक्यातून गाळलेलं पाणी उकळून निवत ठेवलंय, तुम्ही पाटावर बसलाय आणि मी बेळगावहून आलेली नवी नवरी, पुदिन्याची जुडी घेऊन उभी आहे. तुम्ही जुडीकडं बघता. "पन्ह्यात पाला? शेरडाला घाल जा." तुमच्या पन्ह्यात वेलची आणि सुंठ, बाकी कुणाला प्रवेश नाही. दुसरा नियम रथोत्सवाचा. पन्ह्याचं पातेलं मंडपातून हलवायचं नाही. "तहानलेला पाण्याकडं येतोय गं. पाणी त्याच्यामागं पळत न्हाय." मला दोन्ही पटत नव्हतं, पण तुमच्यापुढं बोलायची कुणाची टाप होती?

यंदा रथोत्सवाचं पन्हं माझ्याकडं आलं. कमिटीचे अप्पा म्हणाले, "वैनी, पावडरीची पाकिटं आणूया की. ढवळलं की झालं." मी म्हटलं, "ताज्या कैऱ्यांचंच करणार. पन्हं उरलं तर पुढच्या वर्षापासनं तुमची पाकिटं." बोलून तर बसले. मग बेळगुंदीहून कैऱ्या आणवल्या आणि गरात पुदिना, तुळस वाटून घातली. तुमच्या फोटोकडं मुद्दाम बघितलं नाही.

दुपारी निघालेला रथ बाजारपेठेत आडव्या तारांपाशी अडकला. तारा वर घ्यायला माणूस येईना. मंडपात पातेली काठोकाठ भरलेली आणि प्यायला चिटपाखरू नाही. ऊन कलायला लागलं. आपल्या जैनांच्या नेमाप्रमाणं रथ ओढणाऱ्यांतल्या बहुतेकांना सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंब चालत नाही. दिवसभर उन्हात राबलेली माणसं सकाळपर्यंत तशीच कोरडी राहणार होती. अप्पा म्हणाले, "आता कोण येतंय? सगळं वाया गेलं बघा." मी धाकट्या जावेला म्हटलं, "उचल गं." ती घाबरली. "आक्कांनी हलवायचं न्हाय म्हणून सांगिटलंय की." मी म्हटलं, "आक्कांना मी बघून घेते."

पातेली टेंपोत चढवली, पण टेंपो बाजारपेठेच्या गल्लीच्या तोंडापर्यंतच गेला. तिथून घागरी कमरेवर घेऊन आम्ही दोघी गर्दीत घुसलो. पहिला पेला दोर धरलेल्या एका म्हाताऱ्यांना दिला. त्यांनी तो एका दमात संपवला, ओठ पुसले आणि म्हणाले, "पुदिना व्हय? लई ग्वाड लागतंय. आणि घाल." मग चारी बाजूंनी हात पुढं आले. मी ओतत होते, जाऊ घागरी भरून आणत होती, आणि सूर्य कौलांवर टेकला तेव्हा तळाला पळी वाजायला लागली. शेवटचा पेला मागायला खुद्द अप्पा आले. पिऊन झाल्यावर म्हणाले, "पाकिटांचं ऱ्हाऊ दे, वैनी." आम्हा दोघींना थेंबही मिळाला नाही. घसा सुकला होता आणि मला नाचावंसं वाटत होतं.

हे तुम्हांला पोचणार नाही, हे ठाऊक आहे. तुम्ही असता तर तोंडावर बोलायची हिंमतही झाली नसती. पण एक सांगायचं राहिलं. रिकामी पातेली गोळा करताना तुमच्या वयाची एक बाई जवळ आली आणि मायेनं म्हणाली, "सासूची कृती न्हवं का गं ही?" व्हय म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, आणि सुनेला शोभलंही असतं. मी म्हटलं, "न्हाय मावशी. माझी हाय."