जहाजाची वाट

बुधवार, जुलैअखेर

सावर्ड्याला आज तिसरी फेरी, आणि युरिया नाहीच. दुकानदार म्हणतो, "वैनी, बाहेरून जहाजच आलं नाय, तर मी कुठून देऊ?" लावणीला तीन आठवडे झाले, भात पिवळं पडायला लागलंय, आणि आम्ही जहाजाची वाट बघायची. एवढा शेतकऱ्यांचा देश, खत मात्र परक्याच्या बंदरातून सुटेल तेव्हा मिळणार. मी बरंच काही बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "घरचं शेणखत नाय काय?"

राग आला. रिकामी पिशवी उचलून निघाले.

काय सांगणार होते? गुरं विकली, कारण शेणात हात घालायचा मलाच कंटाळा आला होता. गोणी आणली की काम भागत होतं. मग गोठ्यामागचा शेणाचा खड्डाही बुजवला आणि वर लादी घातली, गणपतीला मुंबईहून येणाऱ्या दिरांची गाडी उभी राहावी म्हणून. वर्षातले पाच दिवस. बाकी वर्षभर ती लादी मी झाडते.

मघाशी ह्यांचा मुंबईहून फोन आला. रेंज गोठ्यामागेच मिळते. त्या लादीवर उभी राहून अर्धा तास मी जहाजाला शिव्या घातल्या.