गोठ्याच्या जागेच्या वरचे वाकडे साग

चमोली, ४ जुलै

तीर्थरूप आबांना उज्वलाचा नमस्कार,

आपल्या इस्लापूरच्या शेतामागच्या टेकडीवर जुने साग सरळ उभे आहेत. मधल्या पट्ट्यात मात्र सगळे कोवळे, एकाच वयाचे आणि बुडाशी विळ्यासारखे वाकलेले. असे का, हे तुमच्याही मनात आले असेल.

इथे हिमालयात दरडींवरचे जंगल मोजताना मला उत्तर सापडले. दरड कोसळते तेव्हा जुनी झाडे मातीसकट खाली जातात. उघड्या जागेवर नवी रोपे एकदमच उगवतात, म्हणून ती समवयस्क असतात. पुढेही माती सावकाश सरकत राहिली, तर खोड कलते आणि शेंडा पुन्हा उजेडाकडे वळतो. झाड ही सारी हकिकत अंगावर वागवते.

मी खुशाल आहे. आमचे तंबू कड्यापासून दूर आहेत. पाऊस मात्र चार दिवस थांबलेला नाही. आईचा गुडघा कसा आहे?

बालाजीदादा फोनवर म्हणाला, "पट्ट्याखाली आयती मोकळी जागा हाय. दसऱ्याला गोठ्याचा पाया काढून राहिलो. तू बस तिकडं झाडं मोजत." तेव्हापासून माझे मोजण्यात लक्ष नाही.

आबा, एवढे करा. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या पक्क्या खडकांवर खुणा करून उतारावर आडवी दोरी ताणा आणि तिच्या रेषेत दहा खुंट्या ठोका. दसऱ्याला त्याच खुणांवरून दोरी पुन्हा ताणा. खुंट्या रेषेखाली उतरल्या असतील, तर माती अजून चालते आहे. तोवर बैल तिथे बांधू नका.

तुमची लेक,
उज्वला