लेकीचं प्रेशर

४ जानेवारी, सकाळी ६.१०
लेकीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये. आजपासून तिच्या मोटिव्हेशनचं खातं माझ्याकडे घेतलं. बायको म्हणाली, पोरीला सुखानं अभ्यास करू दे. तिची दृष्टी मर्यादित. एकोणीस वर्षं कारखान्यांचे बॉयलर तपासतोय. प्रेशर म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये.

५ जानेवारी
टाइमटेबल केलं. चार रंगांत. मनमोकळं हसायलासुद्धा ५.४५ ते ५.५५ राखून ठेवलेत. लेक बघतच राहिली. भारावली असणार.

९ जानेवारी
हसायच्या वेळेत हसली नाही. विनोद सांगितला. तरी नाही. वेळ सकाळी हलवली.

१६ जानेवारी
दर तासाला दार ढकलून विचारतो, टेन्शन नाही ना आलं? आधी ‘नाही’ म्हणायची. आता नुसती मान हलवते. शब्दही वाया घालवत नाही. एकाग्रता वाढतेय.

२२ जानेवारी
सराव परीक्षेत गणितात शंभरपैकी एक्केचाळीस. मी चकार शब्द काढला नाही. फक्त माझं दहावीचं प्रगतिपुस्तक शोधून तिच्या टेबलावर ठेवलं, स्फूर्ती म्हणून. बायकोने उघडलं. गणितात अडतीस. मला बरेच जास्त आठवत होते. प्रगतिपुस्तक मागे घेतलं.

३० जानेवारी
लेक हल्ली दिवसातून पाच-सहा वेळा बाथरूममध्ये जाऊन तोंड धुते. नळ बराच वेळ चालू. झोप उडवायचा नामी उपाय, तोही स्वतःहून शोधलेला. बायकोला म्हटलं, बघ, पोरगी जिद्दीला पेटली. ती बाथरूमच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

३ फेब्रुवारी
शाळेतल्या समुपदेशक बाईंचा फोन. उद्या भेटायला बोलावलंय. बहुधा इतर पालकांना चार शब्द सांगायला. शर्टाला इस्त्री केली. मुद्दे लिहिले, चाराचे अकरा झाले.

४ फेब्रुवारी
कागद खिशातच राहिला. लहानशी खोली, तीन खुर्च्या. लेक आधीच बसलेली. बाईंनी विचारलं, घरी कशाचा ताण येतो? मी म्हणालो, मी असताना कसला ताण? लेक खाली बघत म्हणाली, बाबाचा. मग म्हणाली, नळ सोडते तो रडल्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आवाज गेला की बाबा मोटिव्हेट करायला येतो.
बाई पुढे बरंच बोलल्या. मला काही ऐकू आलं नाही.
परत येताना लेकीला विचारलं, मी काय करू? ती मग म्हणाली, बाबा, रोज पाच ते आठ फिरायला जाशील?

५ फेब्रुवारी
टाइमटेबल भिंतीवरून काढलं. पाचला निघालो. पाच वाजून दहा मिनिटांनी फिरून झालं.

११ फेब्रुवारी
बागेतल्या बाकावर तीन गृहस्थ रोज दिसतात. एक दातांचे डॉक्टर, एक बस डेपोतले, एक काहीच न बोलणारे. डॉक्टरांनी विचारलं, मुलगा की मुलगी? म्हटलं, मुलगी. दहावी? हो. सरकून जागा दिली.

१९ फेब्रुवारी
रात्री जेवताना लेक खळखळून हसली. माझ्या विनोदावर नाही. तरी मोजणार.

६ मार्च, संध्याकाळी ६.१५, बाग
आज गणित झालं. लेकीचा मेसेज: पेपर बरा गेला, हलकं वाटतंय. माझं धोरण फळलं! बाकावर म्हटलं, मंडळी, पालकांसाठी माझे अकरा मुद्दे आहेत, ऐका. तिघेही उठून चालायला लागले. डॉक्टरांचा तर गुडघा दुखतो.
लेकीला लिहिलं, आज लवकर येऊ का घरी? उत्तर: आठलाच ये ना, प्लीज, परवा सायन्स आहे. पाठोपाठ दुसरा मेसेज: डास चावत असतील तर बाक बदल.
बाक बदलला. डास तेच.