पलीकडच्या गल्लीत नेलेली भाकर

माय, तुला वाचता येत न्हवतं, म्हनून बिनधास्त लिहिते. मला लई भ्या वाटायलंय.

इलेक्शन झाल्यापासून आमची गल्ली आन् पलीकडची गल्ली एकमेकींशी बोलत न्हाई. जाती काढल्या लोकांनी. तिकडच्या दुकानातनं आमच्याकडं कुणी साखरसुदिक आनत न्हाई. त्या दुकानवाल्या म्हातारीला मी रोज चिडवायची, तुझ्या तराजूत तुझं बोट असतंय म्हनून. ती शिव्या द्यायची, मी हसायची, आन् राती झोप कशी गाढ लागायची. आता डॉक्टर गोळी देतो. गाव गप झालं की छाती धडधडती, हे त्याला कसं सांगावं?

परवा तिचा नवरा गेला. मयताच्या घरी चूल पेटत न्हाई, दोन्ही गल्ल्यांतल्या शेजारपाजाऱ्यांनी भाकर न्यायची असती, पर आमच्याकडनं कुणी उठंना. पुतण्या दारात येऊन म्हनला, "काकू, तिकडं गेलीस तर उद्या तू पडलीस तरी उचलायला कुणी येनार न्हाई." एकली बाई मी, भ्यालेच. तवा तू दिसलीस, माहेरच्या चुलीपशी. बांधावरनं जिच्याशी तुझं वैर, तिचा सासरा गेलता, आन् तू पिठलं हाटायलीस. मी इचारते, तिला कशापायी? तू उलथनं उगारून म्हनतीस, "उपाशी बाईसंगं भांडायला मजा येत न्हाई गं."

मग मी भाकरी थापल्या, फडक्यात बांधल्या आन् निघाले. पारावरची मानसं बोलता बोलता गप झाली. कुणी शिवी दिली असती तरी बरं वाटलं असतं. म्हातारीनं दार उघडलं, आधी माझ्या पाठीमागं बघितलं.

"कुणी बघितलं का गं?"

"सगळ्यांनी. आता गरम हाय तवर खा, मला दुसऱ्यांदा भ्यायला लावू नको."

घास तोंडात घेतला आन् मग रडली ती. त्या राती मला बिनगोळीची झोप लागली.

पर कालपासून माझ्या दारात कुणी आलं न्हाई. दूधवाली बी दारावरनं सरळ पुढं गेली. पुतण्या दिसला तर त्याला हसून म्हनलं, मी कुनाच्या बापाला भेत न्हाई.

तू तर गेलीस, हा कागद धाडायचा कुठं, चुलीतच जाईल. तुला म्हनून सांगते. लगीन होऊन ह्या घरात आले तवापासून दिवसा कधी दार लावलं न्हवतं. आज भर दुपारी आतनं कडी घालून बसलेय. कुनाला सांगू नको.