दारातून परत गेलेले फादर

मस्कत

रूपेशदादा,
येशूची शांती घरात तरी असू दे, तुझ्या डोक्यात ती दिसत नाय.

मी बरी हाय. तू फोन उचलत नाय म्हणून लिहिते. वहिनीने सांगितलं, फादर आजारी आईला प्रार्थनेचं तेल लावायला पोशीरला आपल्या घरी आले आणि तू त्यांना दारातूनच घालवलंस, आई रडत राहिली. का, तर पोप पाखंडी झाला, म्हणजे तो पोपच उरला नाय, आणि त्याला मानणाऱ्या फादरचं तेलपण खोटं! मोबाईलवर बघून शिकलास ना रं हे? आईला विचारलंस?

ती जेवते का?

चुकला की पोप पोप उरत नाय, तर आईला रडवणारा तू दादा कसा उरलास? तरी वर मी दादाच लिहिलंय. वाचून झालं की फादरना आणायला जा.

तुझी बहीण,
वनिता