पुढच्या सीटच्या पाठीवरचा निळा डाग

ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार. (मनाने पूर्ण वाकलो आहे, शरीराने अर्धाच, कंबर धरली आहे.) तुझा गुडघा काय म्हणतो? क्लच दाबताना अजून कुरकुरतो का? चौसष्टाव्या वर्षी लायसन काढून तू अख्ख्या भाऊबंदांना तोंडात बोटं घालायला लावलीस. काकांनी तर म्हणे अजून काढलेली नाहीत. आम्ही दोघं इकडे ठीक.

पत्रास कारण की, गाडी घेताना तू मला विचारलंस आणि मी "डोळे झाकून घे" म्हणालो. आत्या, ते डोळे आता जरा उघडावे लागतील. घाबरू नकोस, शेवट बरा आहे; पण मधलं सगळं सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायची नाही.

आमच्या तपासणी केंद्रात नव्याकोऱ्या गाड्या मुद्दाम भिंतीवर आपटतात, हे तुला माहीत आहे. (लहानपणी खेळणी मोडली म्हणून तू मला बदडायचीस, आता त्याचाच पगार घेतो.) माझ्याकडे बाहुल्यांचं खातं. गाडीत माणसांच्या जागी माणसांच्याच वजनाचे, आत तारा आणि मापकं भरलेले बाहुले बसवायचे, पट्टे लावायचे आणि त्यांच्या तोंडाला ओला रंग फासायचा, म्हणजे कोणाचं थोबाड कुठे आपटलं ते डागावरून कळतं. पुढे बसतात ते अठ्ठ्याहत्तर किलोचे 'दाजी'. माझी कंबर धरली ती त्यांना उचलताना. मागे, बाळाच्या खुर्चीत, तीन वर्षांच्या मुलीएवढी 'चिमी'. तिला मी कडेवर नेतो आणि दारातून जाताना नकळत तिच्या डोक्यावर हात धरतो. (हसू नकोस. इथे सगळेच धरतात, कबूल कोणी करत नाही.)

तर एके दिवशी नेमकी तुझ्याच मॉडेलची छोटी गाडी आली. मी दाजींना पिवळा रंग लावला, चिमीला निळा, आणि गाडी सोडली ताशी चौसष्ट किलोमीटरने, म्हणजे तुझ्या वयाइतक्या वेगाने. धडाम! दाजींनी एअरबॅगेत तोंड खुपसलं ते रविवारी उशीत खुपसावं तसं. पिवळा ठसा अगदी मधोमध. मी मनातल्या मनात तुझं अभिनंदन केलं आणि मागचं दार उघडलं. बाळाची खुर्ची पुढे कोलमडली होती, आणि पुढच्या सीटच्या पाठीवर तळहाताएवढा निळा डाग होता. आत्या, चिमीचं तोंड तिथे आपटलं होतं.

गाडीच्या कंपनीचे मोठे साहेब आले होते. कडक इस्त्री, त्याहून कडक चेहरा. म्हणाले, "खुर्चीचा पट्टा बांधणाऱ्यानं ढिला बांधला असणार." सगळे माझ्याकडे बघायला लागले. अकरा वर्षं पट्टे बांधतोय, पण त्या क्षणी मलाच माझी खात्री वाटेना. बांधताना मी शिंकलो होतो का? शिंकलो असेन. दोनदासुद्धा शिंकलो असेन.

घरी आलो तर जेवण जाईना. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग बांधून बघू की." रविवारी सकाळी शेजारणीकडून बाळाची खुर्ची मागून आणली, ती आमच्या गाडीत मागे बसवली, तिच्यात पंधरा किलो बटाटे बांधले आणि मोकळ्या मैदानावर गेलो. बायको शिट्टी घेऊन बाहेर उभी. सासरेबुवा पुढच्या सीटवर (कुणी बोलावलं नव्हतं, त्यांना शास्त्राची आवड आहे). मी वेग घेतला आणि करकचून ब्रेक मारला. सासरेबुवांची कवळी डॅशबोर्डवर, माझा चष्मा पायाशी, आणि बटाटे मात्र जागचे हलले नाहीत. सासरेबुवा काहीतरी गंभीरपणे बोलले; कवळी परत बसवल्यावर कळलं, की ते "शाब्बास, जावईबापू" म्हणत होते. ब्रेक म्हणजे काही भिंत नव्हे, हे मलाही कळतं. पण माझा कणा ताठ झाला. (कंबर सोडून.)

सोमवारी मी कंपनीच्या इंजिनीअरबाईंकडे गेलो. तरुण मुलगी, पर्समध्ये कायम भिंग, म्हणून सगळे तिला 'भिंगबाई' म्हणतात. म्हटलं, गाडी आपटतानाची फिल्म पुन्हा बघू या. तिने ती मुंगीच्या चालीने अठरा वेळा फिरवली. एकोणिसाव्या वेळी तिने बोट ठेवलं. "पट्टा नाही हो सुटला. हुकच उपटलाय." सीटमागे, गादीच्या आड, पट्टा अडकवायचा जो हुक असतो, त्याचा पत्राच पातळ, वेल्डिंगसकट निघून आला होता. आणि हे तिने साहेबांच्या तोंडावर सांगितलं, "सर, चूक आपली आहे." मला वाटलं, गेली हिची नोकरी. साहेबांनी भिंग मागून घेऊन हुक स्वतः पाहिला. मग हळूच म्हणाले, "माझी नात याच गाडीतून फिरते."

त्या दिवशी मुलांच्या सुरक्षेत पाचपैकी दोनच तारे पडले, आणि ते त्यांनी मुकाट्याने घेतले. तीन महिन्यांनी जाड पत्र्याचा हुक लावलेली गाडी आली. या वेळी मी बांधलेला पट्टा साहेबांनी स्वतः ओढून पाहिला, चिमीचा ओला निळा गालही हाताने सरळ केला. धडाम! दार उघडायला माझा हात होईना, भिंगबाईने उघडलं. चिमी जागच्या जागी, जणू आजोळी निघाली आहे. निळा रंग फक्त तिच्याच खुर्चीच्या मऊ कडेला. चार तारे! साहेबांनी घाम पुसला आणि कपाळभर निळा पट्टा ओढून घेतला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यांना ते कुणीच सांगितलं नाही.

तुझा,
भाचा

ता. क. १ : तुझी गाडी जुन्या हुकाची आहे. कंपनी सगळ्यांचे हुक बदलून देते आहे. तासाभराचं काम. याच आठवड्यात जा.

ता. क. २ : तू म्हणशील, "मी एकटी बाई, मागच्या सीटवर भाजीची पिशवी. मला बाळाच्या खुर्चीचा हुक कशाला?" अगदी बरोबर. तरी बदलून घे.

ता. क. ३ : बायकोने पत्र वाचलं. म्हणते, चार पानं खरडलीत आणि ज्यासाठी बसलात ते राहिलंच. तर आत्या, तिला सहावा लागला आहे. बाळंतपणाला ये आणि चांगली राहा. बाळाला हॉस्पिटलातून घरी आणताना गाडी तू चालवावीस अशी तिची इच्छा आहे. माझे हात कापतील म्हणते. खरं आहे, कापतील. तुझं उत्तर 'हो' असेल तर फोन कर. 'नाही' असेल तर फोनवर नको, गाडी काढून ये आणि तोंडावर सांग.